टोंगळ्यातली चकतीसारखी गादी, तीही दोन्ही पायांत: पहिल्या आवाजापासून मैदानावर परतेपर्यंत काय आणि कोणत्या क्रमाने करायचं

पोराचा टोंगळा, म्हणजे गुडघा, चालताना खट्कन वाजतो, कधी अडकतो, कधी सुजतो. घरचे आधी तेल लावून चोळतात, मग शेजारच्या गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे नेतात. तिथून एखाद्या दवाखान्यात सुई, तिथून थेट एमआरआय. रिपोर्टमध्ये दोन्ही गुडघ्यांचं नाव दिसलं की घरात रडारड सुरू होते आणि "दोन्हीचं ऑपरेशन एकदमच उरकून टाकू" असं ठरतं. यातली जवळजवळ प्रत्येक पायरी चुकीच्या जागी पडलेली असते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. तालुक्याच्या गावी माझ्याकडे येणारी लेकरं बहुतेक वेळा या सगळ्या फेऱ्या झाल्यावरच येतात, तोवर मांडीचे स्नायू वाळलेले असतात आणि पाय पूर्ण सरळ होत नसतो. म्हणून हा क्रम सविस्तर लिहिते आहे.

आधी एवढं माहीत असू द्या. प्रत्येक गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये कूर्चेच्या दोन गाद्या असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. त्यांना मेनिस्कस म्हणतात. नेहमीची गादी चंद्रकोरीसारखी असते, मधून मोकळी. काही मुलांत ती जन्मतःच भाकरीसारखी गोल, जाड आणि मधूनही भरलेली असते. हा डिस्कॉइड मेनिस्कस. तो बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूला असतो. ज्यांना तो असतो त्यांच्यापैकी दर पाच जणांत निदान एकाच्या दोन्ही गुडघ्यांत सापडतो, आणि काही पाहण्यांमध्ये हे प्रमाण बरंच जास्त निघालं आहे. म्हणजे दुसऱ्या गुडघ्यात तसंच दिसणं हे नवं संकट नाही. ही ठेवण जन्माची आहे. पडल्यामुळे, गाईनं लाथ मारल्यामुळे किंवा पोर लहानपणी लवकर चालायला लागल्यामुळे ती होत नाही. अशी गादी असलेल्या कितीतरी लोकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही.

त्रास होतो तेव्हा तो दोन कारणांनी होतो. गादी जाड असल्यामुळे तिच्यावर घासणीचा जोर जास्त येतो आणि ती फाटते. किंवा तिची कड हाडाला नीट बांधलेली नसते, त्यामुळे ती जागची सरकते आणि गुडघा सरळ करताना खट्कन परत येते.

## टप्पा १: दवाखान्यात जाण्याआधी घरीच नोंद करा

डॉक्टरांसमोर पोर बसलं की गुडघा नेमका वाजत नाही. ओपीडीत गर्दी असते, तपासायला थोडी मिनिटं मिळतात. त्यामुळे घरून नेलेली नोंद फार कामी येते.

मोबाइलवर दोन व्हिडिओ काढा. पहिला, पोराला खाटेच्या कडेवर पाय लोंबकळत बसवून. त्याला स्वतःहून हळूहळू पाय सरळ करू द्या आणि पुन्हा वाकवू द्या, चार-पाच वेळा. मोबाइल गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला धरा, पंखा आणि टीव्ही बंद ठेवा म्हणजे आवाज नीट येईल. दुसरा व्हिडिओ अंगणात चालतानाचा, समोरून आणि मागून, अर्धी चड्डी घालून. दोन्ही पायांचे काढा, दुखत नसलेल्या पायाचेसुद्धा.

मग वहीत लिहा: कोणता पाय, आवाज सरळ करताना येतो की वाकवताना, आवाजासोबत दुखतं की नुसतंच वाजतं, पाय अडकून राहतो का आणि अडकला तर सुटायला किती वेळ लागतो, सूज केव्हा येते आणि किती दिवस राहते, पळताना पाय दगा देतो का, पहिल्यांदा कधी लक्षात आलं. शाळेतल्या सरांना किंवा बाईंनाही विचारा. मैदानावर पोर लंगडतं ते घरी दिसत नाही.

आणखी एक साधी परीक्षा. पोराला खाटेवर पालथं झोपवा, गुडघ्याच्या खालचे पाय खाटेबाहेर मोकळे ठेवा, दोन्ही टाचांची उंची पाहा. एक टाच वर राहिली तर तो गुडघा पूर्ण सरळ होत नाही.

तपासा: टाच वर राहत असेल तर ती तारीख ठळक लिहा. पुढचे निर्णय यावरच बरेचसे अवलंबून आहेत.

सावध: पाहुण्यांना दाखवायला पोराला "वाजवून दाखव" म्हणू नका. ढिली गादी दर वेळी हाडांमध्ये चेपली जाते, आणि पोरालाही मुद्दाम वाजवायची सवय लागते.

## टप्पा २: दुसरं काही नाही ना, हे आधी ठरवा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो, आणि विदर्भात तो गाळणं फार महाग पडतं.

ताप आहे, गुडघा गरम आणि सुजलेला आहे, पोर पाय टेकवायलाच तयार नाही, अशी अवस्था असेल तर पुढचं वाचत बसू नका. सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी १०८ ला फोन करा. असा सांधा एक-दोन दिवसांतही कायमचा खराब होऊ शकतो.

गुडघा दुखतो अशी तक्रार असते, पण दुखणं असतं खुब्याचं. चार ते आठ वर्षांच्या मुलांत खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होतो, दहा ते सोळाच्या वयात, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलांत, तो गोळा घसरतो. दोन्हींत पोर हात गुडघ्यावरच ठेवतं. पोराला उताणं झोपवा, खुबा आणि गुडघा वाकवा आणि खुब्यातून पाय आत-बाहेर हळू फिरवून पाहा. जांघेत दुखलं किंवा एक बाजू कमी फिरली तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "खुब्याचाही एक्स-रे काढा."

आता सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, यवतमाळ, आपल्या सगळ्या पट्ट्यात हा आजार घराघरांत आहे. सिकलसेलच्या मुलांना हाडांत आणि सांध्यांत कळा येतात, कधी दोन्ही गुडघ्यांत एकदम. खुब्याचा गोळा खराब होऊन गुडघ्यात दुखतं तेही यातलंच. अशा मुलाच्या एमआरआयमध्ये योगायोगानं चकतीसारखी गादी दिसली आणि तिलाच दोषी धरलं, तर खरा आजार तसाच राहतो. त्यामुळे तपासणी आधी करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तरी पोर रुग्ण आहे की फक्त वाहक, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ताच्या पुढच्या चाचणीवरच कळतं. दुसऱ्या चाचणीशिवाय थांबू नका. घरात सिकलसेलचं कार्ड आधीच असेल तर ते फाइलीत सगळ्यात वर लावा.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. रात्री दोन्ही पाय दुखतात, सकाळी पोर उड्या मारतं, सूज नाही, लंगडणं नाही, तर ती बहुधा वाढीच्या वयातली दुखणी. सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले आणि तासाभरानं मोकळे होत असतील तर सांधेवाताची तपासणी लागते. घसा दुखून दोन-तीन आठवड्यांनी एका सांध्यातून दुसऱ्यात सरकणारी दुखणी हृदयाच्या झडपांशी जोडलेल्या तापाची असू शकतात. महिनाभर बारीक ताप, वजन घटणं, झोपेतून उठवणारं दुखणं यासाठी रक्त तपासल्याशिवाय गुडघ्याचा विचारच करू नये.

सावध: "सुई दिली की बरं वाटते" म्हणून दर आठवड्याला नेऊ नका. त्या सुईत काय आहे ते लिहून मागा. स्टेरॉइडनं सूज उतरते, खरा आजार झाकला जातो.

## टप्पा ३: योग्य दाराशी जा, कागद घेऊन

हाड बसवणाऱ्याकडे जाऊ नका, हे मी ठामपणे सांगते. "वाटी सरकली" म्हणून पाय हिसकला जातो, पण इथे वाटीचा संबंधच नसतो. अडकलेली गादी हिसक्यानं कधी सुटते, आणि म्हणूनच लोकांचा विश्वास बसतो. पण त्याच हिसक्यानं ती फाटतेसुद्धा.

शाळेत आणि अंगणवाडीत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत करतं आणि वरच्या दवाखान्यात पाठवण्याची चिठ्ठी देतं. आशाताईंना पथकाची तारीख विचारा. तारीख लांब असेल तर वाट पाहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयातून संदर्भ चिठ्ठी घ्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग ओपीडीत जा. नागपूरला मेडिकल, मेयो आणि एम्स आहेत, वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगी, शिवाय यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाला शासकीय महाविद्यालयं. निघण्याआधी फोन करून एकच विचारा: लहान मुलांच्या गुडघ्याची दुर्बिणीची (बारीक छिद्रातून आत पाहून ऑपरेशन करण्याची) ओपीडी कोणत्या वारी असते? हा एक फोन केला नाही तर पहाटेची एसटी पकडून गेलेला माणूस "गुरुवारी या" ऐकून परततो.

फाइलीत हे असू द्या: पोराचा आणि आईवडिलांपैकी एकाचा आधार, रेशन कार्ड, जन्माचा दाखला, सिकलसेलचा रिपोर्ट, जुने केस पेपर, आणि टप्पा १ ची वही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सगळे रेशन कार्डधारक बसतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. हेल्पलाइन १५५३८८. रेशन कार्डावर पोराचं नाव चढलेलं नसणं ही सगळ्यात जास्त दिसणारी अडचण. ते काम तहसीलमध्ये आधी करून घ्या, भरती झाल्यावर धावपळ होते.

तपासा: योजनेची मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची असते. आधी पैसे भरून "मग योजनेतून मिळतील" या भरवशावर राहू नका.

## टप्पा ४: तपासण्या, हात आधी आणि मशीन नंतर

डॉक्टरांनी दोन्ही गुडघे हातानं तपासले पाहिजेत. फक्त रिपोर्ट पाहून निर्णय होत असेल तर नम्रपणे सांगा, "साहेब, एकदा दोन्ही पाय वाकवून पाहा, दुसराही वाजते." घरचा व्हिडिओ इथे दाखवा.

मग एक्स-रे. बाहेरच्या बाजूची सांध्यातली फट नेहमीपेक्षा रुंद दिसणं ही एक खूण असते. पण डिस्कॉइड असूनही एक्स-रे पूर्ण साधा येऊ शकतो. "एक्स-रे नॉर्मल आहे, पोर नाटक करते" असं म्हणून शाळेत मार खाल्लेली मुलं मी पाहिली आहेत. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही.

एमआरआय त्रास असलेल्या गुडघ्याचा आधी करावा. दुसऱ्याला काहीच तक्रार नसेल तर त्याचा एमआरआय लागतोच असं नाही, हाताच्या तपासणीवर डॉक्टर ठरवतात. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो, त्यामुळे त्याची भीती नको. तयारी मात्र हवी. करदोडा, पैंजण, तोरड्या, ताईत, केसातले चाप सगळं घरीच काढून ठेवा. मशीन फार मोठ्यानं ठोकल्यासारखं वाजतं आणि पोराला वीस ते चाळीस मिनिटं न हलता पडून राहावं लागतं. आदल्या दिवशी घरी चटईवर तसं पडून राहायचा खेळ खेळा. लहान मुलाला झोपेचं औषध द्यावं लागलं तर उपाशी ठेवावं लागतं. किती तास, ते सेंटरला आधी विचारून घ्या.

रिपोर्ट आला की हे शब्द शोधा. "कम्प्लीट" म्हणजे गादी नडगीचा बाहेरचा भाग पूर्ण झाकते, "इनकम्प्लीट" म्हणजे काही भाग. "रिस्बर्ग" लिहिलं असेल तर मागची बांधणी कमी आहे, अशी गादी सरकते आणि तिचाच आवाज मोठा असतो. "टिअर" म्हणजे फाटलेली. "ओसीडी" म्हणजे हाडावरचा कूर्चेचा तुकडा ढिला झालेला, हा शब्द दिसला तर पुढची तारीख लांबवू नका. नुसतं "डिस्कॉइड" लिहिलं असेल आणि फाटल्याचा उल्लेख नसेल, तर तो फक्त ठेवणीचा उल्लेख आहे.

सावध: फिल्मची घडी घालू नका, पत्र्याच्या घरात उन्हात ठेवू नका. सीडी मागून घ्या. पुढच्या डॉक्टरला कागदापेक्षा चित्रंच लागतात.

## टप्पा ५: ऑपरेशन करायचं की नाही

इथे सर्वात मोठी चूक होते, म्हणून थोडं थांबून वाचा. उपचार तक्रारीवर करायचा असतो, रिपोर्टमधल्या आकारावर नाही.

गुडघा वाजतो पण दुखत नाही, अडकत नाही, सुजत नाही, पूर्ण सरळ होतो: ऑपरेशन नको. खेळ चालू, व्यायाम चालू, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. निरोगी दिसणारी चकतीसारखी गादी "पुढे त्रास नको" म्हणून आज कापणं चूक आहे.

खेळल्यावर दुखतं, पण अडकत नाही आणि पाय सरळ होतो: उड्या आणि उकिडवं बसणं काही आठवडे थांबवा, मांडीच्या पुढच्या-मागच्या आणि खुब्याच्या स्नायूंचे व्यायाम नेमानं सहा ते बारा आठवडे करा, मग पुन्हा तपासणी. कितीतरी मुलं इथेच बरी होतात. "व्यायाम करून पाहिला, फरक नाही" असं सांगणाऱ्या घरी विचारलं तर चार दिवस केलेला असतो.

पाय अडकतो, पूर्ण सरळ होत नाही, सूज वारंवार येते, गादी फाटलेली आहे: मग दुर्बिणीचं ऑपरेशन. यात मधला जादा भाग कोरून काढतात आणि कडेची सुमारे ६ ते ८ मिलिमीटर रुंद पट्टी ठेवतात, म्हणजे उरलेली गादी नेहमीच्या आकाराची होते. कड ढिली असेल तर ती टाके घालून बांधतात.

सर्जनना हे प्रश्न विचारायला लाजू नका: "किती गादी ठेवाल?", "कड ढिली निघाली तर टाके घालायचं सामान इथे आहे का?", "लहान मुलांची अशी ऑपरेशनं इथे होतात का?" पूर्ण गादी काढून टाकली तर सुरुवातीला दुखणं थांबतं, पण हाडावर हाड घासून कमी वयातच गुडघा झिजतो. दहा-बारा वर्षांच्या पोराला त्या गुडघ्यावर पन्नास-साठ वर्षं चालायचं आहे, वखरायचं आहे, ओझं वाहायचं आहे. फार फाटली असेल तर क्वचित जास्त काढावी लागते, ते डॉक्टर आत पाहूनच ठरवतात. पण "वाचवता येईल तेवढी वाचवा" हे आईबापांनी आधी बोलून ठेवावं.

दोन्ही गुडघ्यांना त्रास असेल तर साधारणपणे जास्त त्रासाचा आधी, तो सावरला की दुसरा. एकाच वेळी दोन्ही केले तर पोर उभं कोणत्या पायावर राहणार? ज्या गुडघ्याला तक्रार नाही, त्याला हात लावू नका.

## टप्पा ६: ऑपरेशनआधीचे दोन-तीन आठवडे

तारीख घेताना हंगाम पाहा. सोयाबीन सोंगणी किंवा कापूस वेचणीच्या भरात घरात पोराजवळ थांबायला कोणी नसतं, आणि पहिले पंधरा दिवस मोठं माणूस जवळ लागतंच. धानाच्या पट्ट्यात रोवणीचे दिवस टाळा. शाळेला सुटी म्हणून मे महिना सोयीचा वाटतो, पण आपल्याकडच्या त्या उन्हात ऑपरेशननंतर गुडघ्याला बांधलेल्या पट्ट्याखाली घाम येतो, कातडी सोलते, पोर पट्टा काढून फेकतं. मला वेचणीचा भर ओसरल्यावरचे थंडीचे दिवस बरे वाटतात, शाळेची थोडी बुडणूक झाली तरी. अर्थात गुडघा अडकून बसला असेल तर हंगाम-बिंगाम पाहायचा नाही.

घरात चार बदल करा. खाली चटईवर झोपणं बंद, खाट लावा. संडासासाठी मधे छिद्र असलेली खुर्ची आणा किंवा जुन्या खुर्चीला कापून घ्या, कारण उकिडवं बसता येणार नाही. न्हाणीत पाय घसरणार नाही असं पोतं किंवा रबरी चटई टाका. उंबरठा आणि अंगणातल्या खाचा पाहून ठेवा.

कुबड्या आधीच मापानं घ्या आणि पोराला आधीच शिकवा. उभं राहिल्यावर कुबडीचं डोकं आणि काख यांच्यात दोन-तीन बोटांची जागा हवी, भार तळहातावर घ्यायचा. काखेवर लोंबकळलं की हाताला मुंग्या येतात. टप्पा ८ मधले पहिले दोन व्यायामही आताच बसवून घ्या, ऑपरेशननंतर दुखत असताना नवं काही शिकता येत नाही.

भूलतज्ज्ञांना सिकलसेलचा रिपोर्ट तुम्ही स्वतः हातात द्या, वाहक असेल तरीही. या ऑपरेशनमध्ये मांडीला रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा बांधतात. पोराला सिकलसेल असेल तर पट्टा, थंडी आणि शरीरातलं पाणी कमी होणं तिन्ही धोक्याचे ठरू शकतात, आणि डॉक्टर तशी वेगळी तयारी करतात. पायावर गळू, खरूज किंवा जखम असेल, सर्दी-खोकला असेल तर लपवू नका. तारीख पुढे गेली तरी चालेल.

तपासा: उपाशी ठेवण्याची वेळ लिहून घ्या. साधारणपणे जेवण सहा तास आधी बंद आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळच खरी. "थोडं दूध दिलं, रडत होतं" यामुळे कितीतरी ऑपरेशनं रद्द होतात.

## टप्पा ७: पहिले दोन आठवडे

सुटी होताना एक प्रश्न विचारून उत्तर डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या: फक्त कोरली की टाकेही घातले? पुढचं सगळं वेळापत्रक याच उत्तरावर आहे. शेजारच्या पोराचं पाहून आपल्या पोराला चालवलं आणि आतले टाके तुटले, असं होऊ नये.

गुडघ्याखाली उशी ठेवू नका. ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते, कारण पोराला तसं बरं वाटतं. वाकलेला गुडघा वाकलेलाच आखडतो, मग तो सरळ करायला महिने लागतात. उशी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी सरळ होऊ द्या.

शेक गरम नाही, थंड. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ नसेल तर माठातल्या गार पाण्याची घडी चालते. सिकलसेल असलेल्या मुलाला मात्र बर्फ लावू नका, थंडीनं कळ उठू शकते. जखमेवर हळद, तेल, पाला, राख काही लावायचं नाही, टाके निघेपर्यंत ती भिजवायचीही नाही.

त्याच दिवशी दवाखान्यात जा: ताप, जखमेतून पू, गुडघा एकदम फुगणं, पोटरी ताठ होऊन दुखणं, पायाची बोटं निळी किंवा बधिर, दम लागणं.

## टप्पा ८: व्यायाम आणि परतीची वाट

पहिला व्यायाम: टाचेखाली दुपट्ट्याची गुंडाळी, गुडघा खाली दाबून मांडी पाच आकडे घट्ट धरायची, दहा वेळा. दुसरा: गुडघा सरळ ठेवून अख्खा पाय वीतभर-दीड वीत उचलायचा, पाच आकडे धरायचा, हळू खाली. उचलताना गुडघा लचकत असेल तर पहिलाच व्यायाम आणखी काही दिवस करा. दोन्ही दिवसातून तीन-चार वेळा. पावलं वर-खाली हलवणं दर तासाला. मग डॉक्टरांनी दिलेल्या मर्यादेत टाच सरकवून गुडघा वाकवायचा. पायाखाली गुळगुळीत प्लास्टिक घातलं की टाच सोपी सरकते.

फक्त कोरलेली असेल तर कुबड्यांसह झेपेल तेवढा भार लवकर देतात, एक-दोन आठवड्यांत कुबड्या सुटतात, आणि खेळ साधारण सहा ते बारा आठवड्यांनी. टाके घातलेले असतील तर चार ते सहा आठवडे गुडघ्याला पट्टा, वाकवणं ९० अंशांपर्यंतच, भार डॉक्टर सांगतील तेवढाच, आणि कबड्डी-खोखो चार ते सहा महिन्यांआधी नाही. मांडी घालणं आणि उकिडवं बसणं सगळ्यात शेवटी येतं. लग्नात पंगतीला बसवायची घाई करू नका, पोराला खुर्ची द्या.

कुबड्या सुटल्यावर खुब्याचे आणि मांडीमागचे व्यायाम वाढवा: उताणं झोपून कंबर उचलणं, कुशीवर झोपून पाय बाजूला उचलणं, भिंतीला पाठ टेकून थोडंसंच खाली सरकणं, भिंतीजवळ एका पायावर तोल धरणं. सायकल चांगली, पण सीट उंच, रस्ता सपाट, मागे डबलसीट नाही. नांगरलेल्या वावरात आणि बांधावर चालणं शेवटच्या टप्प्यात.

मैदानावर सोडण्याआधी तपासा: टाचा पालथ्या परीक्षेत सारख्या आहेत. खेळल्याच्या दुसऱ्या दिवशी सूज नाही. दोन्ही मांड्यांचा घेर जवळजवळ सारखा आहे, वाटीच्या वर चार बोटांवर दोरीनं मोजा. एका पायावर उडी दोन्हीकडे सारखी जाते आणि खाली येताना गुडघा आत पडत नाही. यातलं एक जरी नसेल तर तारीख पूर्ण झाली म्हणून सोडू नका.

## टप्पा ९: दुसरा टोंगळा

एक पाय बरा झाला की फाइल पत्र्याच्या पेटीत जाते आणि दुसरा गुडघा विसरला जातो. ऑपरेशनच्या काळात सगळा भार त्याच्यावर गेलेला असतो, म्हणून व्यायाम पहिल्या आठवड्यापासून दोन्ही पायांचे करायचे. उंची वाढत असेपर्यंत दर सहा महिन्यांनी पालथी टाच-परीक्षा आणि बसून वाकवण्याचा व्हिडिओ दोन्ही पायांचा काढा, जुन्याशी ताडून पाहा. नुसता आवाज वाढला तर घाबरू नका. टाच वर राहायला लागली, सूज आली किंवा पोर पाय अडकतो म्हणालं, तर त्या आठवड्यात दाखवा. ऑपरेशन झालेला गुडघाही वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवत राहा, कारण उरलेली कड पुन्हा फाटू शकते आणि बाहेरच्या बाजूच्या हाडावरच्या कूर्चेकडे लक्ष ठेवावं लागतं. पोर दहावीनंतर शिकायला नागपूरला किंवा अमरावतीला गेलं तर सीडी, डिस्चार्ज कार्ड आणि सिकलसेलचा रिपोर्ट त्याच्या बॅगेत द्या, आणि कोणत्या पायात टाके आहेत ते त्याला स्वतःला पाठ असू द्या.